तुमचं फायबर कुठवर आलं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या ताई मला जवळजवळ तीन वर्षं एकच प्रश्न विचारायच्या. मी दूध आणायला निघालो की आतून आवाज यायचा, "सर, तुमचं फायबर कुठवर आलं?" त्यातलं 'तुमचं' जरा ओढून म्हटलेलं असायचं. मी हसून पुढं सटकायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांचं नुकसान माझ्या सल्ल्यानं झालं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

गोष्ट हुमनाबादची. बिदर जिल्ह्यातलं, पुणे-हैदराबाद महामार्गावरचं तालुक्याचं गाव. शेजारीच माणिकप्रभूंचं माणिकनगर असल्यामुळं महाराष्ट्रातल्या लोकांना आमचं नाव निदान ऐकून तरी माहीत असतं. मी मराठी शाळेत मास्तर होतो. 2016 साली निवृत्त झालो आणि लातूर-सोलापूरकडच्या प्रकाशकांची मुद्रितं तपासायचं काम धरलं. मुद्रितं म्हणजे आता कागदाच्या गुंडाळ्या नव्हेत, पीडीएफ. त्या उतरवायला आणि परत पाठवायला घरी ब्रॉडबँड घेतलं. वेगळी तार आली नाही. आईचा जुना लँडलाइन होता, त्याच तांब्याच्या जोडीवरून नेटही आलं.

29 ऑक्टोबर 2017 ला बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं. एकशे दहा किलोमीटरचा मार्ग. 1997-98 च्या सुमारास मंजूर झालेला आणि वीस वर्षं रखडलेला. सुरुवातीला 370 कोटींचा अंदाज होता, पूर्ण होईतो खर्च दीड हजार कोटींवर गेला. त्या दिवशी आमच्या स्टेशनावर कोण गर्दी! नारळ फुटले, पेढे वाटले गेले, अनोळखी माणसांनी माझ्याशी हात मिळवले. घरी परतताना महामार्गाच्या कडेला चर खणून नारंगी रंगाची नळी टाकणारी पोरं दिसली. काय आहे विचारलं तर म्हणाली, "फायबर." आमच्याकडं कधी येणार? त्यातला एक न बघताच म्हणाला, "दो महिना."

वीस वर्षांची रेल्वे ज्या दिवशी येते, त्या दिवशी माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

जानेवारी 2018 मध्ये माझ्या प्लॅनची मुदत संपली. महिन्याचे 500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. वर्षाचे एकदम भरले तर दहा महिन्यांच्या पैशात बारा महिने, म्हणजे 5,900. टेलिफोन ऑफिसातल्या खिडकीवरच्या बाईंनी सवयीनं विचारलं, "वर्षाचंच ना, सर?" मी ऐटीत सांगितलं, "नाही, महिन्याचं. दोन महिन्यांत फायबर येतंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हौ का?"

त्या 'हौ का'तली शंका मला ऐकूच आली नाही. मी तेव्हा मोठा तत्त्वज्ञ झालो होतो. माझं म्हणणं असं होतं, की तांब्याची तार आज ना उद्या जाणारच आहे. जी भिंत पाडायचीच, तिला रंग कशाला द्यायचा? वर्षाचे पैसे भरणं म्हणजे जुन्याशी स्वतःला बांधून घेणं. हे मी पारावर सांगितलं, लग्नात पंगतीला सांगितलं, केस कापताना सांगितलं. मास्तराला निवृत्तीनंतर वर्ग लागतोच, तो असा कुठंही भरतो.

त्या वर्गातल्या एकाच विद्यार्थिनीनं माझं खरोखर ऐकलं. त्या झेरॉक्सवाल्या ताई.

त्यांच्या दुकानात झेरॉक्स नावापुरतं. खरं काम ऑनलाइन अर्जांचं: जातीचा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, परीक्षांचे फॉर्म आणि शेतकऱ्यांच्या पहाण्या. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, तसला उतारा आमच्याकडं पहाणी. ती कानडीत निघते आणि 2000 सालच्या 'भूमी' योजनेपासून संगणकावर आहे. ताईंच्याही वर्षाच्या प्लॅनची मुदत तेव्हाच संपत होती. मी त्यांना नुसतं 'महिन्याचं घ्या' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "लँडलाइनच परत करून टाका. डिपॉझिट मिळेल. दोन महिने मोबाइलवर काढा, मग थेट फायबर घ्या." त्यांनी तसंच केलं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दुकान चालवणं म्हणजे काय असतं, ते मला त्यानंतर रोज दिसत राहिलं. सकाळी ठीक. अकरानंतर गावातले सगळे मोबाइल जागे झाले की टॉवर दमायचा. अर्ज चार पानं भरून झाला की पाचव्याला वेबसाइट बाहेर काढायची. त्यातच कुणाचा तरी फोन यायचा आणि फोन आला की नेट तुटायचं. लांबच्या खेड्यातून बसनं आलेला माणूस तासभर बाकड्यावर बसायचा, मग "येतो हां ताई" म्हणून बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात जायचा. तो परत यायचा नाही. पाच महिन्यांनी ताई लँडलाइन पुन्हा मागायला गेल्या. तेव्हा कळलं, त्यांची जोडी दुसऱ्याला देऊन झाली होती आणि खांबावरच्या डबीत रिकामी जोडी नव्हती. आणखी सात आठवडे गेले. तेव्हापासून फायबर 'माझं' झालं.

मला तेव्हाच शहाणपण सुचायला हवं होतं. सुचलं नाही. उलट, आता मागं हटणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून मी आणखी घट्ट झालो. दर महिन्याला 590 भरायचे आणि भरताना म्हणायचं, हा शेवटचा.

दरम्यान त्या नारंगी नळीची टोकं आमच्या वळणावर जमिनीतून हातभर वर आलेली होती, तोंडात बूच मारलेलं. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्याभोवती गवत आलं. दुसऱ्या पावसाळ्यात गवतात टोकं दिसेनाशी झाली. पोरं त्यांना क्रिकेटचे स्टंप करायची. फार उशिरा मला एका जाणत्यानं समजावलं, की ती नळी आमच्यासाठी नव्हतीच. शहरा-शहरांना जोडणारी मोठी केबल महामार्गाच्या कडेनं जाते. तिचा आमच्या गल्लीशी संबंध यायचा तर मध्ये एक यंत्र बसायला हवं, तिथून खांबांवरून बारीक केबल, मग एका धाग्यातल्या उजेडाचे बत्तीस किंवा चौसष्ट वाटे करणारी डबी आणि मग घरापर्यंतची तार. एक्सप्रेस गावावरून जाते म्हणून ती गावात थांबत नाही. रेल्वेचा एवढा उत्सव केलेल्या माणसाला हे कळायला दोन वर्षं लागावीत!

देशभरचंही फार वेगळं नव्हतं. खेडोपाडी ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना केंद्रानं ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केली, अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. 2015 मध्ये तिचं नाव 'भारतनेट' झालं. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा गाठायला 2017 चा डिसेंबर उजाडला. ही माहिती वर्तमानपत्रात येत होती आणि मी ती वाचतही होतो. वाचून मी एवढंच म्हणायचो की आता वेग घेईल.

खरं सांगायचं तर वाट पाहणं आमच्या मातीतच आहे, आणि मी ते घरातूनच शिकलो.

माझे एक चुलते गुलबर्ग्याला कारकून होते. (2014 पासून ते कलबुर्गी, घरात आम्ही अजून गुलबर्गाच म्हणतो.) हुमनाबादहून रोज बसनं जायचे आणि रोज परत यायचे. काकूंचं म्हणणं होतं की तिथं दोन खोल्या घ्याव्यात, पोरांना तिथल्या शाळेत घालावं. काका म्हणायचे, "आता रेल्वे येतीय, घर कशाला मोडायचं?" मार्ग मंजूर झाला त्या वर्षी त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं. मग दर वर्षी म्हणत राहिले. महिन्याचा पास काढायचे. परतताना कमलापूरला बस थांबली की तिथली लाल केळी घ्यायचे. घरातल्या पोरांना वाटायचं, काका केळी आणायलाच गुलबर्ग्याला जातात. 2015 मध्ये ते निवृत्त झाले. रेल्वे आली 2017 मध्ये. पहिल्याच आठवड्यात ते गाडीत बसून गुलबर्ग्याला गेले, स्टेशनाबाहेर चहा प्याले आणि पुढच्या गाडीनं परत आले. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "केळी मिळत नाहीत रे गाडीत."

वडिलांचं प्रकरण याहून खोल होतं. माझी आई उदगीर तालुक्यातली. ती जन्मली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सगळे तालुके बिदर जिल्ह्यात होते, निजामाच्या राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा ते तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. एका रात्रीत आईचं माहेर परराज्यात गेलं. पुढं फोन आले तेव्हा उदगीरचा कोड 02385 आणि आमचा 08483. तिला वाटायचं, पाठचा भाऊ कुठं तरी दुसऱ्याच देशात राहतो. वडिलांचा ठाम विश्वास होता की ही सोय तात्पुरती आहे, आज ना उद्या आपण महाराष्ट्रात जाणार. सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग 1967 मध्ये अहवाल देऊन मोकळा झाला. पुढं 2004 मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, ते प्रकरण अजून चालूच आहे. माझा मुद्दा वादाचा नाही. मुद्दा असा की, जायचंच आहे म्हणून वडील कानडी शिकले नाहीत. सही मराठीत, हिशेब मराठीत आणि पहाणी वाचायला चौथीतलं पोरगं शेजारून बोलवायचं. जमिनीच्या एका व्यवहारात पहाणीवर काय लिहिलंय ते वेळेवर न कळल्यामुळं आमचे तीन एकर गेले. वडील त्यानंतरही शिकले नाहीत. मी मास्तर झाल्यावर सगळी परिपत्रकं कानडीत येऊ लागली, तेव्हा तिशीत बसच्या पाट्या वाचत वाचत शिकलो.

या दोघांना मी आयुष्यभर मनात हसत आलो. काकांना तर तोंडावर हसलो.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. पुतणी गुलबर्ग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून घरी आली आणि तिचे वर्ग ऑनलाइन सुरू झाले. गल्लीतल्या आणखी तिघांच्या घरी नेट नव्हतं. ती पोरंही माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागली. माझ्या लाइनचा वेग तेव्हा दीड एमबीच्या आत-बाहेर. सरकारी व्याख्येनं त्या वेळी 512 केबीला ब्रॉडबँड म्हणत (ती मर्यादा 2 एमबी झाली जानेवारी 2023 मध्ये), म्हणजे कागदावर माझं घर तिपटीनं ब्रॉडबँड होतं. प्रत्यक्षात पुतणीच्या सरांचं तोंड उघडं राहून थिजायचं आणि आवाज दोन वाक्यांनी मागून यायचा. एक एक पीडीएफ पाठवायला लावून मी आंघोळ, पूजा उरकून यायचो, तरी ती निम्मीच गेलेली असायची. पुतणी एकदा वैतागून म्हणाली, "काका, हे दुरुस्त का करून घेत नाही तुम्ही?"

मी म्हणालो, "आता फायबरच येतंय."

म्हणालो आणि थबकलो. आवाज माझा होता, पण वाक्य काकांचं होतं. त्यांची 'घर कशाला मोडायचं' म्हणतानाची चालसुद्धा तीच. इथं मन बदललं असं लिहिलं तर गोष्ट छान दिसेल, पण तसं झालं नाही. मी थबकलो, आणि पुढच्या महिन्याचे 590 भरले.

खरा बदल झाला पुढच्या मार्चमध्ये, आणि तो रोझेटच्या, म्हणजे भिंतीवर फोनची तार जोडतात त्या, डबीत झाला.

स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक जुने लाइनमन मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. तालुक्यातला एकेक खांब त्यांना पाठ आहे. चहा येईपर्यंत त्यांनी सवयीनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायलटोनच्या मागं घरघर होती. त्यांनी रिसीव्हर ठेवला, भिंतीवरून तार कुठं जाते ते बघत बघत आईच्या खोलीपर्यंत गेले आणि तिथून हाक मारली, "सरजी, ये जोड कौन मारा?"

मीच मारला होता. 2017 च्या दिवाळीनंतर आईचे गुडघे धरले, तिला बाहेरच्या खोलीत फोनसाठी उठून येणं जमेना. मी बाजारातून तार आणली आणि रोझेटच्या आधीच मूळ तारेला पीळ देऊन जोडून टाकली, वर सेलोटेप गुंडाळली. एक्स्टेन्शनचा फोन तिच्या उशाशी. बायको तेव्हा म्हणाली होती, नीट माणूस बोलवा. मी म्हणालो होतो, तात्पुरतं आहे, दोन महिन्यांत...

चाचांनी डबी उघडली. आत तारांना कळंक चढला होता. देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखा हिरवा. सेलोटेप तपकिरी होऊन चुरा झाली होती. चाचांनी मला बाजूला बसवून, मी पोरांना अपूर्णांक समजावायचो तसं, समजावलं. एका तारेवर आवाज आणि नेट दोन्ही येतात, त्यांना वेगळं करायला ती छोटी पांढरी डबी असते, स्प्लिटर. तुम्ही तिच्या आधीच दुसरा फोन लटकवला. म्हणजे नेटचा अर्धा जीव आईच्या खोलीत फिरून परत येतो. त्यात हा जोड कुजलेला. एक्स्चेंज इथून अडीच किलोमीटर. तिथपर्यंत तार ठीक आणि शेवटच्या तीस फुटांत तुम्ही घोटाळा केला. पोरं मॉडेम बदला सांगत असतील ना? "बदला नक्को. मॉडेम बराबर है."

त्यांनी माझी तार काढून फेकली, टोकं चाकूनं घासून तांबं लाल करून घेतलं, नवी डबी लावली आणि आईच्या फोनची तार स्प्लिटरच्या फोनच्या बाजूनं काढली. खांबापासून ओट्यापर्यंतच्या तारेत एक जोड पावसात भिजत होता, तो कापून नीट बांधला. पाऊण तास. पैसे घेतले नाहीत, लग्नाला यायचं वचन घेतलं. मॉडेम पुन्हा सुरू झाला तेव्हा पुतणीनं वेग मोजला. 6.8.

तीन वर्षं मी कंपनीला शिव्या घातल्या होत्या. सरकारला, ठेकेदाराला, तांब्याला, कर्नाटकाला, सगळ्यांना. आणि घोटाळा माझ्या आईच्या उशाशी होता, माझ्याच हातचा.

त्या रात्री मी वही काढून हिशेब मांडला. हिशेबानं माझं मन बदललं, असं मी नंतर लोकांना सांगत होतो, कारण ते भारदस्त वाटतं. खरं तर मन सहा वाजताच बदललं होतं, हिशेब नऊ वाजता केला. जानेवारी 2018 ते मार्च 2021, एकोणचाळीस महिने. दर महिन्याला 590 प्रमाणे 23,010 रुपये. तीनदा वर्षाचे आणि वरचे तीन महिने सुटे भरले असते तर 19,470. फरक 3,540 रुपयांचा. जीव जावा अशी रक्कम नाही. गणितही सोपं होतं: फायबर दहा महिन्यांच्या आत येणार असेल तर महिन्याचं घेणं शहाणपणाचं, त्यापेक्षा लांबणार असेल तर वर्षाचं. मी शाळेत असले प्रश्न सातवीला घालायचो. दहा महिन्यांत येईल का, हा एकच अंदाज करायचा होता. तो मी दर महिन्याला नव्यानं 'हो' असा केला, सलग एकोणचाळीस वेळा.

मला खुपलं ते वेगळंच. महिन्याचे पैसे भरतो म्हणजे आपण मोकळे आहोत, केव्हाही सोडू शकतो, असं मला वाटायचं. त्या मोकळेपणापायी मी घरातल्या तारेकडं ढुंकून पाहिलं नाही. भाड्याच्या खोलीत माणूस खिळा ठोकत नाही तसं. काकांच्या पासाचं तेच झालं असणार, आणि वडिलांच्या बाराखडीचंही. काकांना मी फोन केला आणि त्यांना हसलो होतो त्याबद्दल माफी मागितली. त्यांना काही आठवेना. म्हणाले, "अरे, मी कुठं वाट पाहिली? मी तर रोज गेलो-आलो." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

मार्च अखेरीला खिडकीवर गेलो. बाई त्याच. "महिन्याचंच ना, सर?" मी म्हणालो, वर्षाचं. त्यांनी पुन्हा चष्म्यावरून पाहिलं, या वेळी काही म्हणाल्या नाहीत. 5,900 भरले, पावती घेतली. परत येताना झेरॉक्सच्या दुकानात थांबलो आणि ताईंना सांगितलं की माझं चुकलं, तुम्हाला लाइन परत करायला सांगायला नको होती. त्या एका म्हाताऱ्याचा अर्ज भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसा सर. ह्यांचं आधी होऊ द्या." मी बसलो. त्यांचं झालं, मग आणखी दोघांचं झालं. मग त्या म्हणाल्या, "चहा घेता का?" तेवढंच. आमच्यात तो विषय तिथं मिटला असं मी धरतो. त्या धरतात की नाही, माहीत नाही.

आणि मग पाचव्या महिन्यात फायबर आलं.

खरंच आलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी गल्लीच्या खांबांवर काळी बारीक केबल आणि डब्या दिसल्या. ती नारंगी नळीवाली मंडळी नव्हेत. गावातलीच, केबल टीव्हीच्या धंद्यातली पोरं, कुठल्याशा कंपनीशी भागीदारी केलेली. मी ओट्यावर बसून बघत राहिलो. ज्या वर्षी महिन्याचं घ्यायला हवं होतं नेमक्या त्याच वर्षी मी वर्षाचं घेतलं होतं! पाच महिन्यांचे 2,950 झाले असते, भरले होते 5,900. खोटं कशाला बोलू, त्या रात्री झोप आली नाही. तीन वर्षं 3,540 घालवले तेव्हा काही वाटलं नाही आणि हे 2,950 मात्र पोटात गोळा होऊन बसले. आधीचे पैसे आशेपायी गेले होते, हे शहाणपणापायी गेले; शहाणपणापायी गेलेले जास्त दुखतात, असं दिसतं.

पहिलं कनेक्शन ताईंनी घेतलं. दुकानात जोडणी चालली होती तेव्हा मी मुद्दाम गेलो. त्या पोरानं केबलचं काळं आवरण सोललं, आतला धागा स्पिरिटच्या कापसानं पुसला, छोट्या कातरीनं टोक कापलं आणि दोन टोकं एका पेटीत समोरासमोर ठेवली. पेटीच्या पडद्यावर ती खांबांएवढी मोठी दिसत होती. प्रत्यक्षात केसाच्या आसपासची जाडी, आणि उजेड जातो तो गाभा मायक्रॉनच्या हिशेबात, नऊ फक्त. टक् असा बारीक ठिणगीचा आवाज झाला आणि दोन काचा एक झाल्या. मग त्यानं मीटर लावला. "उणे एकवीस," तो म्हणाला, "मस्त आहे." माझा तीन वर्षांचा पीळ आणि सेलोटेप मला आठवली.

ताईंचा पहिला अर्ज मिनिटाच्या आत गेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सर, आता तुम्ही कामून थांबलाव?"

"वर्षाचे भरलेत ना," मी म्हणालो. दुकानातले सगळे हसले. मीही.

घरी पुतणी म्हणाली, "काका, गेलेले पैसे मोजायचे नसतात. घेऊन टाका." तिचं बरोबर आहे, हे मला पुस्तकातून माहीत आहे. पण सहा-सात एमबीवर माझी पीडीएफ चार-पाच मिनिटांत जात होती, तिचं कॉलेज पुन्हा प्रत्यक्षात सुरू व्हायच्या बेतात होतं आणि इतक्या वर्षांनी घरातली एक वस्तू नीट चालायला लागली होती. ती लगेच काढून टाकायचा जीव होईना. फायबरवाल्या पोरालाही कुठं घाई होती! त्याला गल्लीतली घरं मोजून दाखवायची होती. तो म्हणाला, "सर, तार आत्ता भिंतीपर्यंत आणून ठेवतो. मार्चमध्ये फोन करा, फक्त डबा लावायचा." त्यानं दहा-बारा मीटर जास्तीची केबल गोल गुंडाळली, टोकाला टोपी घातली आणि ओट्यावरच्या खिळ्याला अडकवली. जाताना बजावून गेला, जास्त वाकवू नका, आत काच आहे.

संध्याकाळी आई काठी टेकत ओट्यावर आली. त्या काळ्या गुंडाळीकडं बराच वेळ बघत राहिली.

"हे काय लटकवलास रं?"

"नवीन तार आहे, आई. मार्चमध्ये जोडायची."

"मग तंवर ह्याच्यावर माझं लुगडं वाळत घालू का?"

"नको, आई. आत काच आहे."

"काच," ती म्हणाली. बोट लावून पाहिलं. मग लुगडं पिळून शेजारच्या खिळ्यावर टाकलं.